रंगावरून मागोवा (रोबोट स्पर्धा)

रोबोट स्पर्धेत चेंडू, गोल, लक्ष्यफलक किंवा प्रतिस्पर्धी कुठे आहे, हे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या रंगावरून शोधण्याची पद्धत. ती स्वस्त आहे, वेगवान आहे आणि सरावाच्या खोलीत बहुधा बिनचूक चालते. सामन्याच्या दिवशी दगा देते तीही हीच.

रोबोकप या रोबोटांच्या फुटबॉल स्पर्धेच्या ज्या गटात सोनीचे चारपायी रोबोट 'आयबो' खेळत, तिथे मैदानच रंगांच्या सोयीने आखलेले होते : हिरवा गालिचा, नारिंगी चेंडू, एक गोल पिवळा, एक निळा. प्रत्येक पिक्सेलचा रंग आधी भरून ठेवलेल्या तक्त्यात पाहायचा, एका रंगाचे शेजारी पिक्सेल जोडून ठिपका करायचा आणि ठिपक्याचा मध्य म्हणजे चेंडू, असा सरळ हिशेब. पण तक्ता ज्या उजेडात भरला, त्याच उजेडापुरता तो खरा. दिव्याखाली नारिंगी चेंडूचा माथा पिवळ्याकडे झुकतो, सावलीतली बाजू लालसर होते. आणि एका संघाचे गणवेश लालच असत. मग रोबोट गड्यालाच चेंडू समजून त्याच्या मागे लागे.

उजेडाचा परिणाम कमी व्हावा म्हणून रंगछटा, गाढपणा (रंग किती भडक की फिका) आणि तेजस्विता वेगळी काढली जाते. त्यातही लाल रंग नडतो. रंगछटा वर्तुळावर मोजतात आणि लाल नेमका वर्तुळाच्या सांध्यावर येतो. ओपनसीव्ही या चित्रे तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मोजणी ० ते १७९ अशी असल्याने लालसाठी दोन्ही टोकांचे दोन पट्टे घ्यावे लागतात. नवखे एकच घेतात आणि अर्धा चेंडू गायब होतो. शिवाय पांढुरक्या किंवा काळवंडलेल्या पिक्सेलच्या रंगछटेला काही अर्थच उरत नाही. उदाहरणार्थ, पेटलेला एलईडी जास्त उघडीपीत (कॅमेरा प्रकाश घेतो तो काळ, म्हणजे एक्स्पोजर, जास्त असताना) मधोमध पांढरा दिसतो, रंग फक्त कडेला उरतो.

कॅमेऱ्याची हुशारीही अंगाशी येते. चौकटभर हिरवे मैदान आले की स्वयंचलित श्वेतसंतुलन (पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळवाजुळव) तो हिरवेपणा 'दुरुस्त' करू पाहते आणि बाकीचे रंग सरकतात. म्हणून उघडीप, गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) आणि श्वेतसंतुलन कुलूपबंद करणे हे पहिले काम. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. उघडीप १/१०० सेकंदाच्या पटीत नसेल, तर चित्रावर पट्टे सरकतात.

अमेरिकेतल्या फर्स्ट या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेत यावर वेगळा तोडगा निघाला. लक्ष्यावर प्रकाश उगमाकडे परतवणारी पट्टी, भिंगाभोवती हिरव्या एलईडींचे कडे आणि उघडीप इतकी कमी की पट्टीखेरीज सारे काळे. तरी चकाकते पत्रे आणि सभागृहाचे दिवे फसवतच. २०२३ पासून तिथे काळ्यापांढऱ्या चौकोनांचे एप्रिलटॅग, म्हणजे कॅमेऱ्याने ओळखायच्या छापील खुणा, आले. रोबोकपच्या नाओ या माणसासारख्या दोनपायी रोबोटांच्या गटात २०१५ मध्ये गोल पांढरे झाले, २०१६ मध्ये चेंडू काळापांढरा. संयोजकांनी रंगाची कुबडी मुद्दामच काढून घेतली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. छोट्या रोबोटांच्या गटात मात्र नारिंगी गोल्फचा चेंडू टिकून आहे. तिथे कॅमेरे मैदानाच्या डोक्यावर असतात आणि सगळ्या संघांची दृष्टियंत्रणा सामायिक असते.

पुण्याने २००८ आणि २०१४ मध्ये यजमानपद भूषवलेल्या एबीयू रोबोकॉन या आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेत रंग पुरता हद्दपार झालेला नाही. २०२४ च्या व्हिएतनाममधील स्पर्धेचा विषय भातशेती होता. स्वयंचलित रोबोटने आपल्या संघाचे लाल किंवा निळे चेंडू 'भात' म्हणून उचलायचे आणि जांभळे 'पोचट' दाणे सोडून द्यायचे होते. रंगवर्तुळावर जांभळा बसतो तो नेमका निळ्या आणि लालच्या मधे.