शॉवरचा पडदा पायाला का चिकटतो?

आमच्या फ्लॅटचं बाथरूम चार बाय सात, कमोड पण त्यातच, त्यामुळे एकाची आंघोळ झाली की पुढच्याने ओल्या सीटवर बसायचं. शेवटी वैतागून पडदा आणला, दुकानातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पातळ. पहिल्याच दिवशी तोंडाला साबण, डोळे मिटलेले आणि काहीतरी गारेगार पोटरीला येऊन चिकटलं. केवढा दचकलो! ढकलला तर परत आला, ओल्या धोतरासारखा पायाला लपेटला.

आता गंमत बघा, पाणी पडतंय आतल्या बाजूला, उडतंय आतून, मग पडदा बाहेर जायला हवा ना?

नेहमीचं उत्तर असं की गरम पाण्याने आतली हवा तापून वर जाते, तिच्या जागी खालून गार हवा घुसते आणि येताना पडदा घेऊन येते, धुराड्यात होतं तसंच. पटतं, पण गार पाण्याने आंघोळ केली तरी तो आत येतोच, फार तर थोडा कमी. दुसरं उत्तर शाळेतल्या बर्नुलीचं, हवेचा वेग वाढला की दाब कमी होतो. त्यात तथ्य आहे, पण त्याने सगळा उलगडा होत नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डेव्हिड श्मिट नावाचे इंजिनिअर आहेत, त्यांचं काम फवाऱ्यांवरचं. त्यांनी कॉम्प्युटरवर टब, शॉवर, पडदा असं सगळं उभं केलं, आतल्या जागेचे ५०,००० बारके कप्पे पाडले आणि घरच्या कॉम्प्युटरला दोन आठवडे गणित करायला लावलं. निघालं काय, तर आडवी वावटळ! पडणारे थेंब हवेला सोबत ओढतात, ती हवा खाली जाऊन वळते, वर येते आणि गोल फिरत राहते. वावटळीच्या मध्यभागी दाब कमी असतो आणि इथे तिचा आस पडद्याकडे रोखलेला, म्हणून पडदा आत खेचला जातो. शेतातली वावटळ विरून जाते, ही मात्र शॉवर चालू आहे तोवर फिरतच राहते. याबद्दल त्यांना २००१ साली इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार बक्षीस) मिळालं, तेही ‘अंशतः उत्तर दिल्याबद्दल’, म्हणजे बक्षीस देतानाही चिमटा. आमची आई बादली-तांब्यावाली, तिला हा प्रकार माहीतच नाही, थेंबांचा सततचा मारा नाही तर वावटळ कुठून येणार.

बरं, दाब कमी म्हणजे किती? फारच थोडा लागतो. हवेच्या दाबाचा एक लाखावा भाग जरी कमी झाला तरी १.८ बाय १.८ मीटरच्या पडद्यावर साधारण ३३० ग्रॅम वजनाइतका जोर येतो, आणि ०.१ मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा स्वतःच जेमतेम ३०० ग्रॅमचा! त्यामुळे त्याच्या दहाव्या हिश्शानेही तो हलतो आणि एकदा ओल्या पायाला टेकला की मधला पाण्याचा पातळ थर त्याला धरून ठेवतो.

म्हणून पडदा घेताना डिझाइन नंतर बघा, आधी हातात तोलून बघा. जाड पॉलिएस्टर किंवा खालच्या शिवणीत वजन घातलेला घ्या. काही पडद्यांना खाली मॅग्नेट असतात, ते लोखंडी टबाला चिकटण्यासाठी, आपल्या टाइल्सना ते काय चिकटणार, पैसे वाया. नवीन पीव्हीसीच्या पडद्याला वास येतो, दोन-तीन दिवस बाल्कनीत टांगून ठेवा.

पडदा जमिनीपासून दोन-तीन बोटं वर हवा, नाहीतर खालची कड कायम ओली राहून गुलाबी बुळबुळीत होते. ते जिवंत प्रकरण आहे बरं का. २००४ साली अमेरिकेत पडद्यांवरच्या या थराचा जनुकीय अभ्यास झाला तेव्हा त्यात मुख्यतः स्फिंगोमोनास आणि मिथायलोबॅक्टेरियम हे बॅक्टेरिया सापडले, पैकी दुसरा गुलाबीच असतो. त्यात आमच्याकडे टँकरचं जड पाणी, साबण आणि कॅल्शियम मिळून जो पांढरा चिकटा बसतो त्यात यांचं छान फावतं. आंघोळ झाली की पडदा गोळा करून ठेवू नका, पूर्ण ताणून सोडा, घडीत पाणी सुकत नाही.

राहिला रॉड. भिंतीला भोक नको म्हणून मी ताणून बसवायचा स्प्रिंगवाला घेतला होता, तो फक्त दोन्ही टोकांच्या रबराच्या घर्षणावर तग धरतो, टाइलवर साबणाचा थर बसला की घर्षण गेलं. एकदा पडदा ढकलायला गेलो आणि रॉड डोक्यात. मग ड्रिल आणलं. टाइलवर आधी मास्किंग टेप लावायचा, हॅमर मोड बंद ठेवायचा, नाहीतर टाइल तडकते. आमची एक तडकलीच, तिच्यावर आता साबणाचा स्टँड आहे.