गाडी पुढे गेली की भोंग्याचा स्वर का उतरतो?

लहान स्थानकावर न थांबणारी एक्सप्रेस गाडी भोंगा वाजवत धडधडत निघून जाते, तेव्हा ती समोरून सरकताच भोंग्याचा स्वर एकदम खाली येतो. हा कानाचा भास नाही. गाडीच्या चालकाला मात्र तोच भोंगा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच स्वरात ऐकू येतो, आणि त्याचे ऐकणेही तितकेच खरे असते.

समजा, भोंगा दर सेकंदाला ४०० तरंग हवेत सोडतो, म्हणजेच त्याची वारंवारता ४०० हर्ट्झ आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर अंतर कापतो, त्यामुळे गाडी उभी असताना एका तरंगाची लांबी जवळजवळ ८६ सेंटिमीटर भरते. गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर एक तरंग सुटल्यावर पुढचा सुटेपर्यंत ती ५ सेंटिमीटर पुढे आलेली असते. त्यामुळे पुढच्या बाजूचे तरंग आखडून ८१ सेंटिमीटरांवर येतात आणि मागच्या बाजूचे ताणले जाऊन ९१ सेंटिमीटरांचे होतात. गाडी धावते म्हणून ध्वनीचा हवेतला वेग बदलत नाही, आणि साऱ्या प्रकाराचे मर्म इथेच आहे. वेग तोच आणि तरंग आखूड, म्हणून कानावर दर सेकंदाला अधिक तरंग येतात. गाडी येताना सुमारे ४२५ हर्ट्झ आणि गेल्यावर सुमारे ३७८ हर्ट्झ, असा हा फरक पडतो.

या दोन आकड्यांचे गुणोत्तर ९:८ च्या अगदी जवळ आहे, आणि शुद्ध रिषभ व षड्ज यांच्यातले अंतर नेमके तेवढेच असते. घरात पेटी असेल, तर काळी दोन वाजवून लगेच काळी एक दाबून पाहावी. गाडी निघून जाताना स्वर एवढाच उतरतो.

गाडी जवळ येईल तसा स्वर चढत जातो, असे पुष्कळांना वाटते, परंतु चढत जातो तो आवाजाचा मोठेपणा. गाडी सरळ आपल्या रोखाने एकाच वेगाने येत असेल, तर स्वर आधीच चढलेला असतो आणि तिथेच स्थिर राहतो. आपण रुळांपासून जितके दूर उभे असू, तितका हा उतार सावकाश होतो, कारण गाडीच्या वेगाचा आपल्या दिशेने असलेला भागच हिशेबात येतो आणि तो हळूहळू घटत जातो.

ही कल्पना ऑस्ट्रियाचे ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे मांडली, तीही ध्वनीसाठी नव्हे, तर जोडताऱ्यांच्या रंगांचा उलगडा करण्यासाठी. ताऱ्यांच्या रंगांचे त्यांचे स्पष्टीकरण चुकले, तत्त्व मात्र टिकले. नेदरलँड्समधील बाइस बॅलट यांना ते स्पष्टीकरण पटले नव्हते, म्हणून त्यांनी १८४५ मध्ये उट्रेख्टजवळच्या रेल्वेमार्गावर मूळ तत्त्वाचीच ध्वनीवर परीक्षा घेतली. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न थंडी आणि बर्फामुळे फसला. जूनमध्ये त्यांनी इंजिनामागच्या उघड्या डब्यावर तुतारीवादक बसवले आणि रुळांच्या कडेला स्वरांची पारख असलेले वादक उभे केले. स्वर मोजणारे यंत्र हाताशी नसताना तयार कानांवर विसंबून घेतलेला हा प्रयोग मला विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. त्या कानांनी डॉप्लर यांच्याच बाजूने कौल दिला.

आज हेच तत्त्व सोनोग्राफीच्या खोलीत वापरले जाते. तिथे कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी शरीरात सोडतात आणि वाहत्या रक्तपेशींवरून परतताना त्याची वारंवारता किंचित बदलते. हा बदल साधारण काहीशे ते काही हजार हर्ट्झचा, म्हणजे आपल्या श्रवणकक्षेतला असतो. तपासणीच्या वेळी यंत्रातून ऐकू येणारी ती लयबद्ध ‘हुश्श हुश्श’ म्हणजे प्रत्यक्ष रक्ताचा आवाज नसून पाठवलेल्या आणि परत आलेल्या वारंवारतांमधला फरकच असतो.