टीटी सायकलला हँडल कुठलं बसवायचं? आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक

हल्ली दुकानात टीटी सायकल (टाईम ट्रायलची, म्हणजे एकट्यानं घड्याळाविरुद्ध पळवायची) बांधून घ्यायला येणारी मंडळी बरीच वाढलीयत. कुणाला गोव्याची ७०.३ ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, पळणं) करायचीय, कुणी पुण्या-बेंगळुरातनं जुनी टीटी फ्रेम उचलून आणलेली असते, कुणाकडं साधी रोड बाईकच आहे पण पुढं दोन दांडे हवेत. आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, "कार्बनचा फुल सेट घालू की क्लिप-ऑनवर भागवू?" (क्लिप-ऑन म्हणजे आहे त्या हँडलला वरनं अडकवायचे दांडे.) प्रश्न बरोबर आहे, पण तो नंतरचा. आधी हे ठरवायचं की तुमची कोपरं नक्की कुठं टेकणार. ते ठरलं की हँडलचे पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात, आणि ते न ठरवता नुसता फोटो बघून हँडल मागवलं तर सहा महिन्यांनी तेच हँडल कुठल्यातरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर "हार्डली यूज्ड" म्हणून विकायला येतं, आम्ही बघतोच की.

हे सगळं करायचं कशासाठी

सपाटीवर ताशी ३० च्या वर गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला अडवणारी मुख्य गोष्ट सायकल नाही, तुम्ही स्वतः आहात, ढोबळ धरलं तर पाऊण वाटा अंगाचा. हवेसाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या हिशोबात वाढते, म्हणजे ३० चा वेग ३६ करायचा तर वेग पाचव्या हिश्श्यानंच वाढला पण हवेसाठीची पॉवर जवळजवळ पावणेदोनपट लागते. तेवढी पॉवर पायात आणायला वर्षं जातात, हात आत घेऊन छाती खाली आणली तर त्यातला काही भाग फुकटात मिळतो, टीटी हँडलचं काम एवढंच.

१९८९ ची टूर द फ्रान्स बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची टाईम ट्रायल होती, ग्रेग लेमॉण्ड ५० सेकंद मागे होता, त्याच्या सायकलला कोपरं टेकायचे बार होते आणि पुढं असलेल्या लॉराँ फिन्यॉनच्या सायकलला नव्हते. लेमॉण्डनं अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. सगळं श्रेय त्या बारला द्यायला आम्ही तयार नाही, माणूसही तसाच होता, पण त्यानंतर टाईम ट्रायलला हे बार न लावता जायची हिंमत फारशी कुणी केली नाही.

कोपरं कुठं टेकणार

तीन मापं आहेत. पॅड, म्हणजे कोपर टेकायची गादी, किती उंच, किती पुढं, आणि दोन पॅडमध्ये अंतर किती. दुकानात ट्रेनरवर (जागेवरच पॅडल मारायच्या स्टँडवर) सायकल लावून, सगळीकडनं हलणारे एक जुने क्लिप-ऑन बसवून आम्ही ही मापं काढतो, तुम्ही घाम येईपर्यंत पॅडल मारायचं, नुसतं बसून फोटो काढून उपयोग नाही कारण पहिल्या पाच मिनिटात सगळ्यांनाच सगळं जमतं.

पॅड कोपराच्या हाडाखाली नको, हाडाच्या थोडं पुढं जिथं हाताला मांस आहे तिथं हवं. वजन हाताच्या हाडांनी पेलायला पाहिजे, स्नायूंनी अंग धरून ठेवायला लागलं की खांदे वर येतात आणि मान आखडते. दंड खाली आणि जरासा पुढं येतो, कोपरात साधारण काटकोन किंवा त्याहून थोडा जास्त कोन होतो. इथनं सुरुवात करायची, मग प्रत्येकाचं थोडं इकडं-तिकडं होतंच.

उंचीबद्दल मात्र आमचं मत ठाम आहे, पहिल्या वर्षी उंच ठेवा. खाली म्हणजे जास्त फास्ट असं सरळ गणित नाही. फार खाली गेलं की वर येणारी मांडी पोटाला भिडते, कंबरेतला कोन बंद होतो, पॉवर पडते, शिवाय समोरचं दिसावं म्हणून मान वर काढून बसायला लागतं आणि ते डोकं परत हवेत उभं राहतं, म्हणजे खाली जाऊन कमावलेलं वर गेलं. आठवड्याभरात "मान दुखूलालीय ओ" म्हणून येणाऱ्या दहातल्या बहुतेकांचं उत्तर पॅडखाली दोन स्पेसर (उंची वाढवायच्या चकत्या), बस्स. उन्हाळाभर उंच चालवा, अंगाला सवय झाली की एकेक स्पेसर काढत या. म्हणून हँडल घेताना आमचा पहिला निकष वजन किंवा कार्बन नाही, पॅड किती वर-खाली आणि मागं-पुढं होतंय तो. ज्या हँडलला पॅड एकाच जागी ठोकलेलं आहे ते कितीही देखणं असू दे, पहिल्या सायकलला आम्ही नको म्हणतो.

रुंदीत पण तेच. अरुंद पॅड हवेला चांगलं, पण फार अरुंद केलं की काहींना श्वास कोंडल्यासारखा होतो आणि वारं आलं की सायकल हातात राहत नाही. आधी खांद्याच्या आतल्या बाजूला सुरू करा.

क्लिप-ऑन की बेसबार

रोड बाईक एकच असेल आणि रविवारी ग्रुपबरोबर पण तीच चालवायची असेल तर क्लिप-ऑन घ्या, विचार करू नका. काढायला घालायला सोपं, ब्रेक आणि गेअर जिथल्या तिथं राहतात. फक्त तुमच्या हँडलला क्लिप-ऑन बसतोय का ते आधी बघा: स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूला गोल, ३१.८ मिलिमीटर जाडीची जागा लागते. वरनं चपटे असलेले एरो हँडल किंवा स्टेम-हँडल एकत्र असलेले तुकडे यांना हे सहसा बसत नाहीत. कार्बन हँडलवर तर कंपनीनं "क्लिप-ऑन चालतो" असं लिहिलेलं असेल तरच बसवतो, आग्रह करू नका.

दुसरं, रोडच्या हँडलवर क्लिप-ऑन लावलं की पोहोच लांब होते, कारण रोड बाईकची सीट तुलनेनं मागं असते. मग आखूड स्टेम, सीट थोडी पुढं, असं सगळं एकमेकात अडकत जातं. म्हणून फिटिंगसकट घ्या म्हणतो.

खास टीटी फ्रेम असेल तर बेसबार. बेसबार म्हणजे बाहेरचा शिंगांसारखा भाग, ब्रेक त्याच्या टोकाला, आणि गेअर आतल्या दांड्यांच्या, म्हणजे एक्स्टेंशनच्या टोकाला. बेसबारची पकड खाली झुकलेली, सपाट आणि थोडी वर उचललेली अशी येते. खाली झुकलेली दिसायला भारी, पण आपल्या बेळगावाकडं जांबोटीवरनं चोर्ला घाट किंवा वेंगुर्ला रोडनं आंबोली करायचं म्हटलं की चढाला आणि उताराला हात तिथंच असणार, ब्रेक पण तिथंच, म्हणून सपाट किंवा जरा वरची पकड घ्या, उतारावर जीवात जीव राहतो.

एक्स्टेंशनचा आकार ही निव्वळ मनगटाची गोष्ट. एकदम सरळ दांडा स्वस्त आणि हलका, पण बऱ्याच जणांची मनगटं त्यावर वाकडी होतात. टोकाला हळू वर वळलेला, ज्याला स्की-बेंड म्हणतात, तो बहुतेकांना चालतो. एस-बेंडला वळण जास्त, हात वर येतात. जे-बेंड टोकाला बराच वर जातो, पकड चांगली मिळते. दुकानात चारही आहेत, हातात धरून बघा. बऱ्याच एक्स्टेंशनची जाडी २२.२ मिलिमीटर असते, त्यामुळं पुढं नुसते दांडे बदलता येतात, अख्खा सेट नाही. लांबी कापायची असेल तर थोडं थोडं कापायचं, कापलेलं जोडता येत नाही, आणि पहिल्या महिन्यात तर अजिबात कापू नका.

गेअर, ब्रेक आणि वायरी

खर्च इथं फसतो. मेकॅनिकल गेअर असेल तर एक्स्टेंशनच्या टोकाला बार-एंड शिफ्टर बसतो, मागच्या गेअरला १० स्पीडला १० चा आणि ११ ला ११ चाच. शिमानोच्या बार-एंडमध्ये पुढच्या गेअरचा लिव्हर क्लिकशिवायचा, नुसता सरकणारा असतो, तो बिघडलेला नाही, तसाच आहे. आणि तो बसवायचा आतला स्क्रू उलट्या आट्याचा असतो, घरी पाना घेऊन बसणाऱ्यांनी लक्षात ठेवा, जोर लावून डोकं घासून टाकू नका. इलेक्ट्रॉनिक गेअर असेल तर टोकाला नुसतं एक बटण, शिवाय बेसबारलाही बटण लावता येतं, उभं राहून चढताना हात न हलवता गेअर पडतो. पैसे जास्त असतील तर कार्बन हँडलऐवजी इथं घाला, हे आमचं प्रामाणिक मत.

केबल हँडलच्या आतनं न्यायची असेल तर तीव्र वळणं टाळायची, नाहीतर गेअर जड होतो आणि ट्यूनिंगला आठवड्याला फेरी. ब्रेकच्या केबलवर गेअरचं आऊटर (केबलवरचं आवरण) कधीच चालवायचं नाही. गेअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीला सरळ असतात, जोरात ब्रेक दाबला की ते फुटू शकतं. ब्रेकला गोल गुंडाळलेल्या तारेचंच आऊटर. सेकंडहँड सायकल घेतली असेल तर हे एकदा बघून घ्या, फुकट बघून देतो.

डिस्क ब्रेकवाल्यांनी आधी विचारा. रोडचे हायड्रॉलिक लिव्हर बेसबारच्या टोकाला बसत नाहीत, टीटीचे वेगळे येतात आणि महाग येतात. केबलवर चालणारे डिस्क कॅलिपर हा मधला मार्ग आहे, फक्त ते रोड लिव्हर जेवढी केबल खेचतो तेवढ्या खेचीचे हवेत, एमटीबीचे (डोंगरी सायकलचे) नाही.

उद्यमबागवाल्यांसाठी

आपल्याकडं उद्यमबाग आणि मच्छेत लेथवर, सीएनसीवर काम करणारे सायकलवाले भरपूर, आणि त्यातला प्रत्येकजण "हे तर मी दुपारच्या सुट्टीत वळून देतो" म्हणतोच. पॅडखालचे स्पेसर अल्युमिनियममध्ये जरूर वळा, त्यांच्यावर फक्त दाब येतो. पण स्पेसर वाढले की बोल्ट पण तेवढाच लांब घ्या, चार आटे धरलेला बोल्ट बघून आम्हाला झोप लागत नाही. स्टेम, क्लॅम्प, एक्स्टेंशन धरणारा ब्रॅकेट मात्र घरी बनवू नका, त्यावर अख्खं वजन आणि खड्ड्याचा हिसका येतो, नमुना चांगला दिसला म्हणून तो हजारो हिसके सोसेल असं नाही. आणि कार्बनला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. क्लॅम्पवर किती न्यूटन मीटर ते लिहिलेलं असतं, बऱ्याच वेळा ५ च्या आसपास, तेवढंच, आणि टॉर्क रेंचनं. "हाताला कळतंय" हे बीडाच्या कास्टिंगला ठीक.

रस्ता आपला, हँडल पण आपलंच

पॅडवर असताना हात ब्रेकवर नसतात, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. खानापूर रोडला, हायवेच्या सर्व्हिस रोडला, निपाणी-चिकोडीकडं कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ऊसाचे ट्रॅक्टर, रस्त्यावर पडलेला ऊस, अचानक आलेला स्पीडब्रेकर, मळ्यातलं कुत्रं, हे सगळं दिसायला लागलं की बेसबारवर या. ग्रुपमध्ये कुणाच्या मागं चालवताना पॅडवर जायचंच नाही, ग्रुपमधली बाकीची मंडळी तुम्हाला बोलतील आणि बरोबरच बोलतील.

खानापूरकडच्या पावसात आणि घामात पॅडखालचे बोल्ट गंजतात, अल्युमिनियमला टेपखाली पांढरी पूड धरते. गणपतीच्या आसपास एकदा सगळं उघडून पुसून घ्या, पॅड धुवायला निघतात, धुवा, वासाचं काय सांगायचं.

स्पर्धेचे नियम

युसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) नियमानं होणाऱ्या टाईम ट्रायलला १ जानेवारी २०२३ पासून उंचीप्रमाणे मापं आहेत. बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे जिथं फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून एक्स्टेंशनच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर १८० सेंटिमीटरच्या आतल्या माणसाला ८० सेंटिमीटर, १८० ते १९० मधल्याला ८३, त्यावरच्याला ८५ पर्यंत. पॅड आणि एक्स्टेंशनचं टोक यांच्या उंचीतला फरक याच क्रमानं १०, १२ आणि १४ सेंटिमीटर, आणि पॅडचा तिरकेपणा ३० अंशापर्यंत. सगळे एकत्र सुटतात त्या रोड रेसला हे दांडे चालतच नाहीत, घरी काढून ठेवून जा. गोव्याची ७०.३ ही ९० किलोमीटर सायकलची, ड्राफ्टिंग (दुसऱ्याच्या मागं वारं चुकवत चालवणं) नसलेली ट्रायथलॉन, तिथं युसीआयची ही मापं लागत नाहीत, पण त्या वर्षीचं त्यांचं नियमपुस्तक वाचा आणि हँडलच्या प्रत्येक उघड्या टोकाला प्लग लावा, प्लग आमच्याकडं काउंटरवर मिळतात.

येताना काय आणायचं

सायकल तर आणाच, शिवाय ज्या बुटात आणि चड्डीत चालवता ते, कारण पॅडिंगनं बसायची उंची बदलते. जुनं स्टेम, काढून ठेवलेले स्पेसर आणि बोल्ट पण आणा, अर्ध्या वेळा कामाचा तुकडा त्याच डब्यात असतो. मान, खांदा किंवा कंबरेचं काही जुनं दुखणं असेल तर आधी सांगा, लाजायचं कारण नाही. फिटिंगला दीड-दोन तास धरा, म्हणून शनिवारी संध्याकाळी दुकान भरलेलं असताना येऊ नका, फोन करून सकाळची वेळ घ्या. बजेट पण तेव्हाच मोकळेपणानं सांगा, त्यात आधी फिटिंग, मग ब्रेक आणि गेअर, आणि उरलं तर कार्बन, असाच आमचा क्रम राहील. हेच पत्रक कन्नडमध्येही आहे, मित्राला द्यायचं असेल तर काउंटरवर मागून घ्या.