थायरॉइडच्या स्कॅननंतर नातवंडांना जवळ घ्यायचं नाही?

जळगाव-धुळ्याकडे एक समज घट्ट बसलाय: गळ्याच्या स्कॅनसाठी किरणोत्सर्गी इंजेक्शन घेतलं की माणूस महिनोन्‌महिने दूषित राहतो, नातवंडांना जवळ घेऊ नये, ताट-वाटी वेगळी ठेवावी. या धास्तीने गळ्याला गाठ असूनही बाया तपासणी टाळतात, याचं फार वाईट वाटतं.

या स्कॅनला बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सर्गी पदार्थ वापरतात. ते दर ६ तासांनी निम्मं होतं. सकाळी १० ला टोचलं, तर दुसऱ्या दिवशी १० पर्यंत सोळावा हिस्सा उरतो. लघवीवाटे जातं ते वेगळंच.

थायरॉइडच्या पेशींवर रक्तातलं आयोडाइड (आयोडीनचं विद्युतभारित रूप) आत ओढणारा प्रथिनाचा पंप असतो. त्याचं जनुक १९९६ मध्ये ओळखलं गेलं. दोन सोडियम आयनांच्या जोडीने तो एक आयोडाइड आत घेतो. टोचलेलं टेक्नेशियम परटेक्नेटेट या रूपात असतं; ते आकाराने आणि विद्युतभाराने आयोडाइडसारखंच, म्हणून पंप तेही ओढतो. पण त्याचं हार्मोन बनत नाही, त्यामुळे ते ग्रंथीत मुरत नाही. जास्त ओढणारी गाठ चित्रात ठळक दिसते, न ओढणारी फिकी.

गोंधळ होतो तो थायरॉइडवरच्या आयोडीन-१३१ (किरणोत्सर्गी आयोडीन) च्या उपचारामुळे. तो डोस मोठा, निम्मं व्हायला ८ दिवस. तिथे काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायांपासून अंतर ठेवावंच लागतं. ते पथ्य स्कॅनला चिकटलंय.

मात्र गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर स्कॅनआधीच डॉक्टरांना सांगा. तोच पंप दूध बनवणाऱ्या स्तनातही असतो, म्हणून काही तास दूध थांबवायला सांगतात.