सबसिडी आधी की कर्ज आधी?

1959 मध्ये गिरगावातल्या सात बायका उसन्या 80 रुपयांवर गच्चीत पापड लाटायला बसल्या. त्याचं पुढे लिज्जत झालं. खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता आली 1966 मध्ये, धंदा उभा राहिल्यावर. तेव्हा अशा बायकांना बँकेने दारात उभंही केलं नसतं.

19 जुलै 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि छोट्या धंद्याला कर्ज देणं बँकांच्या गळ्यात पडलं. 1978 मध्ये जिल्हा उद्योग केंद्रं आली. शिफारस सरकारची, पैसा बँकेचा, हा दोन खिडक्यांचा खेळ तेव्हापासून रुळला. 1993 ची प्रधानमंत्री रोजगार योजना त्याच वळणाची. 2008 मध्ये ती ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रमात मिसळून पीएमईजीपी (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) झाली, 2019 मध्ये राज्याने आपली सीएमईजीपी (मुख्यमंत्र्यांच्या नावाची तशीच योजना) काढली. नावं बदलली, पण आधी कर्ज मंजूर, मगच सबसिडी, हे काही बदललं नाही.

लालबागच्या एखाद्या बाईला मसाले कुटायचं मशीन घालायचंय, खर्च 10 लाख. पीएमईजीपीत तिचे स्वतःचे 50 हजार, बाकी 9.5 लाख बँकेचे. अनुदान शहरात 25 टक्के, म्हणजे अडीच लाख. (हेच मशीन कोकणात गावी बसवलं तर 35 टक्के. मुंबईकराला इथे घाटाच.) हे अडीच लाख हातात येत नाहीत. तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीत पडून राहतात. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर लागतही नाही. धंदा चालू आहे हे पाहणीत दिसलं की मग रक्कम कर्जातून वजा. सबसिडी उचलून शटर ओढणाऱ्यांवरचा हा उपाय, आणि मला तो पटतो.

शेजारच्या वहिनी गुमास्ता परवाना, कोटेशन, प्रोजेक्ट रिपोर्ट असं सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावून बँकेत गेल्या होत्या. साहेबांनी फोल्डर उघडलाच नाही. म्हणाले, "खोली कोणाच्या नावावर?" खोली पागडीची, म्हणजे मालकी घरमालकाचीच. ती तारण कशी ठेवणार? खरं तर याच अडचणीसाठी 2000 मध्ये विनातारण कर्जाची हमी बँकेला देणारा पतहमी ट्रस्ट निघाला, आणि 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने छोट्या उद्योगांकडे 10 लाखांपर्यंत तारण मागू नका असं बजावलं. वहिनींना हे कुणी सांगितलं नव्हतं.

2015 ची मुद्रा योजनाही विनातारण कर्जाचीच. तिच्यात सबसिडी नाही, तरी आमच्या चाळीत आजही सगळे "मुद्राची सबसिडी" असंच म्हणतात.