बायोप्सीच्या रिपोर्टमधील 'ईआर पॉझिटिव्ह' : केंद्रकातील प्रथिनांच्या शोधाची पार्श्वभूमी

राधानगरी किंवा गगनबावड्याहून एसटीने कोल्हापुरात स्तनाच्या गाठीच्या तपासणीला आलेली बाई आणि तिच्याबरोबरचा मुलगा बायोप्सीच्या रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' वाचून धास्तावतात. तो शब्द येथे दिलासा देणारा आहे, हे ओपीडीच्या गर्दीत शांतपणे सांगायला कुणाला सवड मिळतेच असे नाही. हे टिपण अशा घरांतील वाचणाऱ्या माणसांसाठी आहे.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, हे स्त्रीबीजकोशात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पकडणारे, मुख्यतः पेशीच्या केंद्रकात राहणारे प्रथिन. गाठीच्या पातळ कापाला विशिष्ट रंगप्रक्रिया केली, की सूक्ष्मदर्शकाखाली ते असलेली केंद्रके तपकिरी दिसतात, बाकीची निळसर राहतात. शंभरातील एक केंद्रक तपकिरी असले तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात.

ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये स्त्रीबीजकोश काढल्यावर काही रुग्णांच्या गाठी ओसरल्याचे नोंदवले, पण त्यामागचे कारण उलगडायला साठेक वर्षे गेली. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेले इस्ट्रोजेन वापरून ते ठरावीक ऊतींमध्येच टिकून राहते हे दाखवले आणि रिसेप्टरचा माग लागला. इस्ट्रोजेन चिकटलेला हा रिसेप्टर डीएनएवर बसून वाढीची जनुके चालू करतो, शिवाय पेशीचा मृत्यू रोखून धरणारे बीसीएल-2 हे प्रथिनही वाढवतो. 1962 मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेले टॅमॉक्सिफेन हे औषध रिसेप्टरवरची इस्ट्रोजेनची हीच जागा अडवते, म्हणून 'ईआर पॉझिटिव्ह' हा शब्द दिलासा देणारा. ते मुळात गर्भनिरोधकाच्या शोधातून हाती आले होते, आणि अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला 1977 मध्ये मान्यता मिळाली.

पेशी स्वतःहून, ठरलेल्या क्रमाने मरते ही कल्पना 1972 मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी मांडली. त्यासाठी निवडलेला 'अपॉप्टोसिस' हा ग्रीक शब्द मूळचा पानगळीचा आहे, आणि मला तो फार समर्पक वाटतो, कारण केमोथेरपीचे औषध केवळ घाव घालते, गळून पडायचे की नाही हे पेशीच्या आत ठरते. सलाईनच्या नळीतून उतरणारे लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, घ्या. डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-2 हे केंद्रकातील प्रथिन त्याचे दोन्ही धागे कापते आणि पुन्हा जोडते. औषध त्याला कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवते, हे 1984 मध्ये दिसून आले. तुटलेल्या धाग्यांची वर्दी पी-53 या प्रथिनापर्यंत जाते. 1979 मध्ये सापडलेले हे प्रथिन आधी कर्करोग घडवणारे मानले गेले, तो समज 1989 मध्ये उलटला. दुरुस्तीसाठी थांबायचे की मरायचे, याचा कौल देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. स्तनाच्या सुमारे एक तृतीयांश गाठींमध्ये ते बिघडलेले आढळते. मात्र ते शाबूत असले म्हणजे औषध हमखास लागू पडेल असेही नाही, कारण काही पेशी मरण्याऐवजी नुसत्या थांबतात आणि तग धरून राहतात.

बिघडल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या बीआरसीए-1 या जनुकाची जागा शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये 17व्या गुणसूत्रावर दाखवली. बीआरसीए प्रथिने डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते सांधतात आणि पार्प हे दुसरे केंद्रकीय प्रथिन एकेरी चिरा बुजवायला मदत करते. बीआरसीए आधीच निकामी असताना पार्प अडवले तर पेशीला दुरुस्तीचा मार्ग उरत नाही, हे 2005 मध्ये प्रयोगांतून सिद्ध झाले, आणि 2018 मध्ये पार्प अडवणाऱ्या ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत अशा स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली. म्हणूनच ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा रिसेप्टर) आणि हर-2 (पेशीच्या पृष्ठभागावरचे वाढीचे प्रथिन) या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आलेल्या तरुण बाईला आज डॉक्टर रक्तातून बीआरसीए तपासून घ्यायला सांगतात.