डॉसच्या पडद्यावरचा उभट ठिपका

मोंढ्यातल्या एखाद्या आडतीवर पट्ट्यांचा आणि हमाली-तोलाईचा डॉसमधला (विंडोजच्या आधीच्या संगणकप्रणालीवरचा) प्रोग्राम अजून जपलेला असतो. नव्या संगणकावर लिनक्स येतं, प्रोग्राम पडद्याच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो, आणि सल्ला मिळतो: मोठा मॉनिटर घ्या. घेऊ नका. डॉसच्या अक्षरी पडद्यात ७२० × ४०० ठिपके (पिक्सेल) असतात. ३८४० ठिपक्यांच्या फोर-के पडद्यावर ते रुंदीचा पाचवा हिस्साही भरत नाहीत.

लिनक्सवर डॉसचे प्रोग्राम डॉसबॉक्स या प्रोग्रामच्या आत चालतात, आणि उपाय त्याच्याच सेटिंगमध्ये आहे. डॉसबॉक्स ०.७४-३ एकदा सुरू करून बंद केला की होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारं 'डॉसबॉक्स' नावाचं लपलेलं फोल्डर तयार होतं. कंट्रोल-एच दाबल्यावर ते दिसतं. त्यातल्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलमध्ये चार ओळी बदला (शब्द अर्थात इंग्रजीत): फुलस्क्रीन=ट्रू, फुलरेझोल्यूशन=डेस्कटॉप, आउटपुट=ओपनजीएल, आस्पेक्ट=ट्रू. खरी अडचण तिसऱ्या ओळीत असते. तिथे मुळात 'सरफेस' असतं, आणि ते चित्र ताणत नाही.

चौथी ओळ मात्र बहुतेक जण सोडून देतात, कारण तिच्याशिवायही १९२० × १०८० चा पडदा जवळजवळ भरतो. फक्त अक्षरं बसकी दिसतात. व्हीजीए या पीसीच्या जुन्या पडदा-पद्धतीचं एक अक्षर ९ ठिपके रुंद आणि १६ उंच. ८० अक्षरं आडवी, २५ ओळी उभ्या, म्हणून ७२० × ४००. हे प्रमाण १.८, पण जुन्या काचेच्या मॉनिटरचं १.३३. म्हणजे तिथे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.३५ पट उंच होता! आजचे ठिपके चौकोनी. जुना आकार हवा तर चित्र १४४० × १०८० व्हायला हवं, दोन्ही बाजूंना २४०-२४० ठिपक्यांचे काळे पट्टे सोडून. आडवा हिशेब नेमका दुप्पट येतो, उभा २.७ पट. ठिपक्याचे तुकडे होत नाहीत, म्हणून ४०० रेघांपैकी २८० रेघा तिप्पट आणि १२० दुप्पट काढाव्या लागतात. त्यामुळे एकाच अक्षराच्या दोन आडव्या रेघा कमीजास्त जाड दिसतात. तिसऱ्या ओळीत 'ओपनजीएलएनबी' निवडलं तर हेच होतं. साधं 'ओपनजीएल' कडा किंचित पुसट करून फरक झाकतं. दिवसभर आकडे वाचायचे असतील तर तेच बरं.

मराठी नावांच्या जागी उभ्या-आडव्या रेघा दिसल्या तर तो व्हायरस नाही, आणि मॉनिटरला लिंबू-मिरची बांधूनही त्या जाणार नाहीत. असे काही प्रोग्राम सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डावर, म्हणजे भारतीय लिप्या दाखवण्यासाठी पीसीत बसवायच्या कार्डावर, चालत. अक्षरांची वळणं त्या कार्डात होती. भारतीय लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या इस्की संकेतात 'क' म्हणजे १७९, आणि कार्ड नसलेल्या पीसीच्या ४३७ क्रमांकाच्या अक्षरसंचात १७९ म्हणजे उभी रेघ. माहिती शाबूत असते, तिचं युनिकोडमध्ये (आजच्या संकेतात) रूपांतर करता येतं. वरच्या चार ओळींचा इथे उपयोग नाही.

पूर्ण पडद्यातून बाहेर यायला ऑल्ट-एंटर. अडकलेला माउस सोडवायला कंट्रोल-एफ१०. शेजारचं कंट्रोल-एफ९ मात्र डॉसबॉक्स न विचारता बंद करतं, आणि त्या वेळी उघडी असलेली डीबीएफ (प्रोग्रामच्या डेटाची) फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते. आधी प्रोग्राममधून बाहेर या, मग 'एक्झिट' टाइप करा, आणि डेटाच्या फोल्डरची प्रत रोज पेनड्राइव्हवर घ्या.